माणसाला हात दोनच: फोल्डिंग सायकल बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
फोल्डिंग सायकली आखणारे, बनवणारे आणि त्यांच्या माहितीपत्रकांत आकडे छापणारे सर्व

स. न. वि. वि.

सायकलची घडी वीस सेकंदांत होते असं तुम्ही छापता. ते खोटं नाही. मी घड्याळ लावून पाहिलंय, हात बसल्यावर मला अठराच लागतात. पण त्या संध्याकाळी फलाटावर मला पावणेसहा मिनिटं लागली, आणि गाडी दोनच मिनिटं थांबणार होती.

त्यातली अठरा सेकंद तुमची, उरलेली सगळी सामानाची. मागच्या कॅरिअरला दोन बाजूंना दोन पिशव्या, त्यांच्यावर आडवा तंबू, तंबूवर रबरी दोराने आवळलेला ओला रेनकोट, हँडलला एक छोटी पिशवी आणि फ्रेमला दोन बाटल्या. दहा दिवसांच्या वाटेवर हे सगळं सायकलचंच अंग होऊन गेलं होतं. कुठे काय आहे ते अंधारातही हाताला कळायचं. फलाटावर ते सुटं झालं. सायकल घडी होऊन शहाण्या मुलासारखी उभी राहिली आणि तिच्याभोवती सात नग पसरले. गाडी आली तेव्हा सायकल आणि पाच नग मी दारापर्यंत आणले होते, दोन खेपांत. राहिलेले दोन बाकाजवळ होते. ते आणायला वळले तोवर दार लागलं. सायकल अजून आत चढवली नव्हती एवढंच नशीब.

पुढची गाडी सकाळी होती. स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत, विचारून, तंबू ठोकला, आणि झोप येईना म्हणून टॉर्चच्या उजेडात या पत्राचा पहिला मसुदा लिहिला. तो तुम्हाला पाठवण्यासारखा नव्हता. हा निवळल्यावर लिहिलेला आहे.

माझं मागणं एवढंच आहे: घडी सामानासकट मोजा.

माहितीपत्रकातल्या घडीचे आकडे (लांबी, रुंदी, उंची, वजन, सेकंद) सगळे रिकाम्या सायकलचे असतात. शहरात कामाला जाणाऱ्याला ते पुरतात, कारण त्याच्याजवळ खांद्याला लावायची एक बॅग असते आणि सायकल दुसऱ्या हातात. पण तंबू घेऊन फिरणारा माणूस रिकामा कधीच नसतो. त्याचं घर सायकलवर असतं. त्याच्या दृष्टीने घडी झाली कधी म्हणायची, तर सायकल आणि घर दोन्ही उचलून तो एका खेपेत चालू लागला की. माणसाला हात दोनच. एका हातात सायकल, दुसऱ्या हातात बाकीचं सगळं. तिसरा नग निघाला की घडी फसली, मग ती अठरा सेकंदांत होवो की आठ.

रिकाम्या सायकलची घडी करण्याची सवय फार जुनी आहे हे मला ठाऊक आहे. १८९० च्या दशकात फ्रेंच सैन्यातल्या कॅप्टन जेरार यांची दुमडणारी सायकल आली ती सैनिकाने अडचणीच्या जागी पाठीवर घ्यावी म्हणून. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसए कंपनीने हवाई तुकड्यांसाठी घडीची सायकल काढली, तिथेही सैनिकाचं सामान सैनिकाच्या अंगावर आणि सायकल नुसती. मग शहरातला नोकरदार आला. १९७० च्या दशकाच्या मध्याला अँड्र्यू रिची लंडनमधल्या आपल्या राहत्या फ्लॅटमध्ये जी सायकल जुळवत होते तिला त्यांनी समोरच्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चचं नाव दिलं. लेझरवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हॉन यांनी १९८२ मध्ये डाहॉन कंपनी काढली. दोघांच्या डोळ्यांसमोरचा माणूस रोज ये-जा करणारा होता. त्याच्यामुळेच तुमचे कारखाने चालतात, आणि त्याच्यासाठी काही बिघडवा असं मी म्हणत नाही.

पण याच छोट्या चाकांच्या घराण्यात ओझ्याचा विचार करणारेही होऊन गेले. ॲलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये सोळा इंची चाकांची, रबराच्या स्प्रिंगांवर बसवलेली सायकल बाजारात आणली. ती घडीची नव्हती. पण चाक लहान केलं की त्याच्यावर केवढी जागा मोकळी होते, आणि तिथे ठेवलेलं ओझं किती खाली बसतं, हे त्या सायकलकडे पाहून कुणालाही कळावं. मोठ्या चाकाच्या सायकलवर तंबू कंबरेच्या उंचीला हिंदकळत असतो. छोट्या चाकावर तो गुडघ्याच्या आसपास असतो. भरलेली सायकल हातात धरून उभं राहिल्यावर हा फरक मनगटाला समजतो.

आणि १९९२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या युजीन गावी ॲलन आणि हान्झ शोल्झ या भावांनी बाइक फ्रायडे ही सायकल कंपनी सुरू केली. त्यांची युक्ती मला अजूनही सगळ्यांत चोख वाटते. सायकल सूटकेसमध्ये मावते, विमानातून जाते, आणि उतरल्यावर तीच सूटकेस दोन चाकांवर बसवून सायकलमागे जोडायची गाडी होते. ज्यातून सायकल आली त्यातच आता सामान चाललं. बऱ्याच विमान कंपन्यांची नेहमीच्या सामानाची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर आणि २३ किलो अशी असते. त्या दोन आकड्यांकडे पाहून इथे सायकल आखली गेली. म्हणजे प्रवासाच्या बाजूने विचार करणं अशक्य नाही. कुणीतरी ते तीस वर्षांपूर्वी करून बसलंय.

आता तुमच्या बिजागऱ्यांकडे येते, कारण सामान नेमकं तिथेच अडतं.

तुमच्यातल्या निम्म्यांच्या सायकली मधोमध आडव्या दुमडतात, पुस्तक मिटावं तशा. पुढचं चाक मागच्या चाकाला येऊन भिडतं. तेव्हा ज्या बाजूला घडी पडते त्या बाजूची पिशवी दोन चाकांच्या मध्ये येते, ती काढावीच लागते. दुसऱ्या बाजूची राहू शकते, पण मग सायकल एका अंगाला कलते आणि उभी राहत नाही. माझी पहिली फोल्डिंग सायकल, वीस इंची, अशीच होती. फलाटावरचा प्रसंग तिच्यासोबतचा.

दुसऱ्या प्रकारात मागचं चाक, त्याला धरणाऱ्या नळ्यांच्या त्रिकोणासकट, फ्रेमखाली गिरकी घेतं. घडी विलक्षण लहान होते. पण मागच्या कॅरिअरवर जे काही बांधलंय ते या गिरकीत उलटं होऊन जमिनीकडे तोंड करतं. काही सायकलींत कॅरिअरलाच छोटी चाकं असतात आणि घडी त्यांच्यावर सरकते. सुंदर कल्पना. म्हणजे ज्या पाटावर मी दिवसभर तंबू बांधला होता तो पाट आता सायकलचा तळवा झाला. तंबू कुठे गेला? माझ्या काखेत.

दोन्ही प्रकारांत मागचं सामान हे घडीच्या वाटेतलं आहे. यावर तुमच्याच घरात एक उत्तर आहे आणि तुम्ही सगळे ते का उचलत नाही हे मला कळत नाही. ब्रॉम्प्टनच्या फ्रेमच्या पुढच्या नळीवर एक ठोकळा असतो आणि पिशवी त्याच्यावर खटकन बसते, खटकन निघते. ती हँडलला किंवा पुढच्या चिमट्याला लागलेली नसते, फ्रेमला लागलेली असते. म्हणून हँडल वळवलं तरी पिशवी वळत नाही. पहिल्या दिवशी हे डोळ्यांना चमत्कारिक दिसतं: तुम्ही डावीकडे वळताय आणि समोरची पिशवी सरळच पाहतेय. पण ओझं हँडलवर नसल्यामुळे हात हलका राहतो. छोट्या चाकांची सायकल रिकामी असताना थोडी उतावळी असते, जरा हात हलला की वळते. पुढे सात-आठ किलो आले की ती शांत होते. भरलेली सायकल रिकामीपेक्षा सरळ चालते हे मी मोठ्या चाकांवर कधी अनुभवलं नव्हतं.

त्या पिशवीची मर्यादा साधारण दहा किलो. आणि इथे मी माझ्या बाजूचीही चूक मान्य करते. फलाटावरचे सात नग तुम्ही बांधले नव्हते. मोठ्या सायकलवर भटकण्याच्या सवयीने मी जसं सामान भरत होते तसंच छोटीवर भरलं. त्यानंतर सगळं उलगडून पुन्हा मांडलं. तंबू दीड किलोच्या आतला. स्लीपिंग बॅग एक किलोच्या आसपास. फुगवायची मॅट अर्धा किलो, आणि ती मी कधीच सोडणार नाही, कारण रात्रीची थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते; पाठीखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगमध्ये ऊब धरायला हवाच उरत नाही. छोटा स्टोव्ह, एक भांडं, कपड्यांचा एक जोड, अवजारं. सगळं मिळून साडेनऊ किलो भरलं आणि पाणी वेगळं. हे एका पुढच्या पिशवीत बसलं, फक्त एक गोष्ट सोडून.

तंबूच्या काठ्या. नेहमीच्या तंबूची काठी घडी केल्यावर चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर राहते, आणि पुढच्या पिशवीत ती आडवीही बसत नाही, उभीही नाही. एक टोक बाहेर काढून मी दोन सहली केल्या. दोन्ही वेळा ते टोक गुडघ्याला लागलं. आता सायकलवाल्यांसाठी तीस सेंटिमीटरच्या आसपास दुमडणाऱ्या काठ्यांचे तंबू मिळतात. ते तुमच्या हातचं नाही, तंबूवाल्यांनी केलं. त्यांनी सायकलच्या हँडलची रुंदी मोजली आणि काठी तोडली. मला तुमच्याकडून नेमकी हीच वृत्ती हवी आहे: समोरच्याचं माप घ्यायचं आणि आपली वस्तू त्याला जुळवायची.

गिअरबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे तुम्ही आपल्याच हाताने एक फायदा घालवता. चाक लहान असलं की एका फेरीत सायकल कमी अंतर जाते, म्हणजे चढावरचा हलका गिअर आपोआप मिळायला हवा. पण सपाटीवर वेग दिसावा म्हणून तुम्ही पुढे ५२-५३ दात्यांचं मोठं चक्र बसवता. ४०६ मापाच्या (म्हणजे टायर बसण्याचा व्यास ४०६ मिलिमीटर) वीस इंची चाकावर बऱ्यापैकी जाड टायर धरला तर घेर १.५७ मीटर येतो. पुढे ५३ आणि मागे सगळ्यांत मोठं ३२ दात्यांचं चक्र असेल तर पॅडलच्या एका फेरीत सायकल २.६ मीटर सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या म्हणजे ताशी नऊ किलोमीटरच्या वर. आता माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो धरा आणि आठ टक्क्यांचा चढ धरा. या वेगाने तो चढायला सव्वादोनशे वॅटच्या आसपास ताकद लावावी लागते. रोज व्यायाम करणाऱ्यालाही ती तासभर टिकवणं जड. मला दहा मिनिटंही जमत नाही. मग पॅडल रेटत, फेऱ्या तीस-चाळीसवर आणून, गुडघ्यांची वाट लावत चढायचं, नाहीतर उतरून ढकलायचं. छोट्या चाकाची भरलेली सायकल ढकलताना वाकावं लागतं हेही लिहून ठेवा.

त्याच सायकलला पुढे ४४ आणि मागे ३४ दाते दिले तर एका फेरीत २ मीटर, आणि तोच चढ पावणेदोनशे वॅटच्या आत. उतारावर ताशी चाळीसच्या वेगात पॅडल फार भरभर मारावं लागेल, हे खरं. पण ज्याच्या मागे तंबू आहे तो उतारावर पॅडल मारत नाही, ब्रेक धरून बसतो.

ब्रेकचा विषय निघालाच तर: शंभर किलो घेऊन तीनशे मीटर खाली उतरलं की जी ऊर्जा सुटते ती एक लिटर पाणी सत्तर अंशांनी तापवेल एवढी असते. थोडी वाऱ्यात जाते, बाकीची ब्रेकमध्ये. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर छोट्या रिममध्ये धातू कमी, म्हणून ती लवकर तापते. लांब घाटात मी दर दोन-तीन किलोमीटरला थांबते आणि रिमजवळ हात नेऊन पाहते. हे तुमच्या पुस्तिकेत असायला हवं. मी तीन कंपन्यांच्या पुस्तिका वाचल्या, तिन्हींत सीट कशी पुसावी हे होतं.

टायरचं प्रकरण थोडक्यात सांगते, कारण त्यावर उपाय फुकटचा आहे. तुम्ही सायकलवर "सोळा इंची" असं लिहिता. सोळा इंची चाकं एकापेक्षा जास्त मापांची असतात. एका रिमचा टायर बसण्याचा व्यास ३०५ मिलिमीटर, दुसरीचा ३४९. चव्वेचाळीस मिलिमीटरचा फरक, आणि नाव एकच. वीस इंचीचंही तसंच: ४०६ आणि ४५१. माझी आताची सायकल ३४९ ची आहे. एका गावात टायर फाटला, दुकानदाराने प्रामाणिकपणे सोळा इंची टायर काढून दिला आणि आम्ही दोघांनी मिळून अर्धा तास तो चढवण्याचा प्रयत्न केला. तो ३०५ चा होता. दोष त्याचा नव्हता. टायरच्या कडेवर हा आकडा बारीक अक्षरांत असतो, पण सायकलच्या नावात, जाहिरातीत आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर "सोळा इंची" एवढंच. व्यास मिलिमीटरमध्ये लिहा. फ्रेमवर, चाकाजवळ, ठळक. ४०६ चे टायर लहान मुलांच्या आणि कसरतीच्या सायकलींमुळे जवळपास सगळीकडे सापडतात. ३४९ आणि अठरा इंचीतल्या ३५५ चे सहसा सापडत नाहीत, म्हणून त्या मापाची सायकल असलेल्याने घडी होणारा एक टायर सोबत न्यायलाच हवा. हे दुकानातच सांगितलं गेलं तर कितीतरी सहली वाचतील.

आणि हे टायर झिजतातही भराभर. ३४९ चं चाक किलोमीटरला साधारण साडेसातशे फेऱ्या मारतं, मोठ्या सायकलचं साडेचारशेच्या थोडं वर. दिवसाला साठ किलोमीटर धरले तर पंचेचाळीस हजार विरुद्ध सत्तावीस हजार. आऱ्यांची गोष्ट मात्र उलटी: छोट्या चाकात आरे आखूड, म्हणून चाक कणखर. इतक्या वर्षांत माझा एकही आरा तुटलेला नाही. मोठ्या सायकलवर मागच्या चाकाचे तीन तुटले होते, तेही एकाच सहलीत.

बिजागरीची भीती लोक मला नेहमी विचारतात. मधेच तुटली तर? माझं उत्तर असं की बिजागरी बेसावध माणसाची तुटते. पण तुम्ही आम्हाला सावध राहायला मदत करत नाही. खटका किती ताकदीने बंद व्हावा, तो सैल झाल्यावर कुठला नट किती फिरवायचा, बिजागरीच्या आसपास रंगावर केसासारखी रेघ दिसली तर काय समजायचं, हे मला एका जुन्या कारागिराकडून शिकावं लागलं. रोज सकाळी तंबू आवरल्यावर, सामान चढवण्याआधी, मी पुढचा ब्रेक धरून सायकल पुढेमागे हलवते आणि कान देते. टक असा आवाज आला तर निघायचं नाही. भरलेल्या सायकलवर हा आवाज सामानाच्या खडखडाटात हरवतो, म्हणून रिकामी असतानाच ऐकायचा.

तसंच कॅरिअर किती किलो पेलेल हा आकडा कॅरिअरवर असतो, कारण त्यासाठी आयएसओ ११२४३ सारखं स्वतंत्र आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. पण पिशवी लावल्यावर टाच तिला लागणार नाही ना, हे कुठेच लिहिलेलं नसतं. छोट्या सायकलचं कॅरिअर बुटकं. चाळीस सेंटिमीटर उंचीची नेहमीची पिशवी लावली की ती रस्त्यापासून वीतभर वर राहते, प्रत्येक डबक्याचं पाणी पिते, आणि मागचा सांगाडा आखूड असेल तर टाच दर फेरीला तिला शिवते. तीनशे किलोमीटरनंतर माझ्या पिशवीला टाचेच्या आकाराचं भोक पडलं होतं. बुटाचं माप कुणालाही त्यावरून सांगता आलं असतं.

इतक्या तक्रारी वाचून तुम्ही म्हणाल, मग घ्या मोठी सायकल. घेणार नाही. का ते संध्याकाळी तंबूच्या जागी आलात तर दिसेल. मोठ्या सायकलवाले तंबू ठोकल्यावर सायकल झाडाला किंवा कुंपणाला साखळीने बांधतात आणि रात्री दोनदा उठून बघतात. माझी घडी होऊन तंबूच्या पुढच्या पडवीत येते, माझ्या पायांशी. साखळी लागत नाही. पाऊस असला तर सीट कोरडी. संध्याकाळी तिला पाठ टेकून बसता येतं. सीट खाली गेलेली असते, पॅडल दुमडलेलं असतं, ओबडधोबड का होईना टेकू होतो. एकदा वादळी रात्री वाऱ्याच्या बाजूच्या खुंट्या उपटल्या, तेव्हा तंबूचा दोर मी घडी केलेल्या सायकललाच बांधला आणि बारा किलोंच्या त्या गाठोड्याने सकाळपर्यंत तग धरला. पाय थकले, हवा बिघडली, कंटाळा आला, की कुठलीही बस, कुठलीही आगगाडी, कुणाच्याही गाडीची डिकी चालते. मोठ्या सायकलवाल्याला सहल जिथून सुरू केली तिथे परत यावं लागतं किंवा सायकलसाठी जागा असलेलं वाहन शोधावं लागतं. मला नकाशावर कुठूनही कुठेही सरळ रेघ मारता येते आणि मधला नावडता तुकडा गाळता येतो. शहराबाहेर पडणारे ते पहिले तीस किलोमीटर, ट्रकच्या धुरातले, मी कित्येक वर्षांत चालवलेले नाहीत.

हे सगळं तुमच्या घडीमुळे. म्हणूनच ती ओझ्यासकट जमावी यासाठी एवढा खटाटोप.

करायचं काय, तर फार नाही. माहितीपत्रकात एक ओळ वाढवा: दहा किलो सामानासह घडी, किती नग, किती सेकंद. सामान तुमच्याच पिशवीत भरा, मला हरकत नाही, पण ते एका हातात उचललं गेलं पाहिजे. पुढच्या नळीवर ठोकळा बसवायला भोकं द्या. ठोकळा आम्ही घेऊ. त्या भोकांची मापं आपसांत ठरवून एक करा, म्हणजे एकाची पिशवी दुसऱ्याच्या सायकलला लागेल. (हे तुम्ही करणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवते.) ज्यांची सायकल पुस्तकासारखी मिटते त्यांनी आतल्या बाजूची पिशवी न काढता घडी होईल का ते एकदा खरंच करून पाहावं, चाकं आठ-दहा सेंटिमीटर लांब राहिली तरी चालेल. घडी थोडी जाड झाली तर फलाटावर कुणी पट्टी घेऊन येत नाही. आणि पुढच्या लहान चक्राचा पर्याय विकत घेतानाच द्या, नंतर बदलायला सांगू नका, कारण मग चेन आखूड करावी लागते आणि काही सायकलींत चेन ताणणाऱ्या भागाचं गणित बिघडतं.

नवीन सायकलची चाचणी घ्याल तेव्हा आखणाऱ्यांपैकी एकाला तिच्यावरून दोन रात्री बाहेर झोपायला पाठवा. तंबू त्यानेच ठोकायचा आणि त्यानेच आवरायचा. परतीचा प्रवास आगगाडीने, जिथे गाडी दोन मिनिटं थांबते अशा स्टेशनावरून. सोबत मदतीला कुणी नको.

आपली,
एक फोल्डिंग सायकलवाली

ता. क. मागच्या चाकाच्या हबमध्ये (मधल्या तुंब्यात) गिअर असतील तर चाक काढायला बहुधा १५ मिलिमीटरचा पाना लागतो. तो सायकलसोबत मिळणाऱ्या अवजारांत एकदाही आढळला नाही. माझा मी घेतला होता, आणि ज्या दिवशी पावसात मागचं चाक पंक्चर झालं त्या दिवशी तो घरी टेबलावर होता. त्या दिवशी सायकल घडी करून बसमध्ये बसले. फक्त त्या वेळी सामान एकाच पिशवीत होतं.